पासष्ट आणि तेरा

दरवर्षी जानेवारी ते मार्च या काळात इंग्लंडमधल्या हजारो घरांत स्थानिक कौन्सिलकडून एक प्रश्नावली येते. ती फक्त अशा माणसांना जाते, ज्यांच्या रोजच्या सांभाळाची सोय कौन्सिलने लावून दिलेली आहे. कोणाकडे सकाळी केअरर येऊन आंघोळ घालून जाते, कोणी केअर होममध्ये राहते, कोणाच्या खात्यात स्वतःचा मदतनीस ठेवण्यासाठी कौन्सिल पैसे भरते. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी चित्रे घातलेली सोपी प्रश्नावली निघते. मिळणाऱ्या मदतीबद्दल तुम्ही एकंदरीत किती समाधानी आहात, असा त्यात एक प्रश्न असतो. २०२३-२४ साली उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांनी ‘अत्यंत’ किंवा ‘खूप’ समाधानी असल्याचे कळवले.

२०२३ च्याच शरद ऋतूत ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ या जुन्या, नावाजलेल्या पाहणीने हाच विषय सरसकट नागरिकांपुढे ठेवला. सोशल केअरबद्दल, म्हणजे याच सांभाळाच्या सेवेबद्दल, समाधानी असलेले निघाले १३ टक्के. ५७ टक्के लोक उघड नाराज होते. त्या वर्षी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेबद्दलचे समाधान २४ टक्क्यांपर्यंत घसरले म्हणून देशभर चिंता व्यक्त झाली. सोशल केअरचा आकडा त्याच्या जवळजवळ निम्मा होता.

सेवा तीच, वर्षही जवळपास तेच, आणि उत्तरांत एवढे अंतर. यातला एक आकडा खोटा असला पाहिजे, असे पटकन वाटते. माझ्या मते दोन्ही खरे आहेत. पासष्टचा आकडा दारातून आत पोचलेल्यांचा आहे, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रोज येणारे एक माणूस असते. तेराचा आकडा ज्यांनी दार शोधताना आईबापांची, बहिणीची, शेजाऱ्याची फरफट पाहिली त्यांचाही आहे. या सेवेचा खरा अनुभव समजून घ्यायचा तर दारापासूनच सुरुवात करावी लागते.

ब्रिटनमध्ये मुले-नातवंडे असलेल्या मराठी कुटुंबांना एनएचएस चांगली ठाऊक असते. दवाखाना फुकट, शस्त्रक्रिया फुकट, कर्करोगाचे उपचार फुकट. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला रोज उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, रात्री भटकू नये म्हणून लक्ष ठेवणे हे बहुतेक वेळा एनएचएसच्या कक्षेत येत नाही. ते काम सोशल केअरचे, ते स्थानिक कौन्सिलच्या हाती, आणि त्यासाठी आधी माणसाची ऐपत तपासली जाते. एकाच माणसाच्या एकाच आजारपणात कुठला भाग ‘आरोग्य’ आणि कुठला ‘सांभाळ’ यावरून हजारो पौंडांचा फरक पडतो. हॉस्पिटलमधून घरी सोडायच्या दिवशी ही रेघ अनेक कुटुंबांना पहिल्यांदा दिसते. आदल्या दिवसापर्यंत सगळे मोफत असते आणि दुसऱ्या दिवशी बँकेची स्टेटमेंट मागितली जातात.

ही रेघ १९४८ साली आखली गेली. त्या वर्षी ५ जुलैला एनएचएस सुरू झाली आणि त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स ॲक्ट अमलात आला. या कायद्याने शतकानुशतकांचा ‘पुअर लॉ’ संपवला आणि म्हाताऱ्या, अपंग माणसांच्या निवाऱ्याची जबाबदारी कौन्सिलवर टाकली, पण ती ऐपतीप्रमाणे पैसे घेऊन. याच कायद्यातली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी. १६०१ च्या ‘पुअर लॉ’नुसार गरीब आईबापांना पोसणे हे मुलांवर बंधनकारक होते. १९४८ च्या कायद्याने ते बंधन काढले. पती-पत्नी एकमेकांना आणि आईबाप अल्पवयीन मुलांना, एवढीच कायदेशीर जबाबदारी उरली. आपण नेमके उलट गेलो. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाण्याची सोय झाली, दरमहा दहा हजार रुपयांच्या कमाल मर्यादेसह. आपल्याकडे कायदा मुलाला बोलावून जाब विचारतो, तिकडे कौन्सिलला. मुलांची माया दोन्हीकडे सारखीच असते. फरक पडतो तो माया थकते तेव्हा कोणाचे दार वाजवायचे, यात.

इंग्लंडमध्ये आज जो कायदा चालतो तो २०१४ चा केअर ॲक्ट, एप्रिल २०१५ पासून लागू झालेला. कागदावर तो उदार आहे. एखाद्या प्रौढ माणसाला मदतीची गरज असावी असे दिसले की त्याचे असेसमेंट करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे. त्याच्याकडे पैसा किती आणि गरज छोटी की मोठी, हे त्या टप्प्यावर पाहायचे नसते. मग दहा गोष्टी तपासल्या जातात: खाणेपिणे, अंगाची स्वच्छता, शौच-लघवी, हवामानाला साजेसे कपडे, घरात सुरक्षित वावर, घर राहण्याजोगे ठेवणे, नाती टिकवणे, काम-शिक्षण किंवा स्वयंसेवा, बस-दुकान-दवाखाना अशा परिसरातल्या सोयी वापरणे, आणि पदरात मूल असेल तर त्याचा सांभाळ. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे यांपैकी किमान दोन गोष्टी जमत नसतील आणि त्याचा माणसाच्या जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर तो मदतीला पात्र.

‘जमत नाही’ याची व्याख्याही कायद्याने माणुसकीने केली आहे. एखादी गोष्ट जमते, पण करताना खूप दुखते, फार घाबरायला होते, जिवाला धोका असतो किंवा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, तर ती जमत नाही असेच धरायचे. म्हणजे तासभर धडपडून ब्लाउजचे हूक लावणारी आजी नियमाप्रमाणे ‘स्वतः कपडे घालू शकणारी’ ठरत नाही. पण ही तरतूद किती जणांना माहीत असते? असेसमेंटच्या दिवशी पाहुणी बाई येणार म्हणून म्हातारी माणसे सकाळपासून आवरून बसतात. ‘तुम्हाला चहा करता येतो का?’ म्हटले की स्वाभिमानाने ‘हो तर!’ म्हणतात. परक्या, तरुण समाजसेविकेपुढे संडासच्या अडचणी सांगायला जीभ रेटत नाही. मुलगी शेजारी बसून मान हलवत राहते, पण आईला चारचौघांत खोटे कसे पाडणार? जन्मभर कोणापुढे हात न पसरलेल्या माणसाला आपला दुबळेपणा नीट मांडता आला नाही, तर त्याची गरजच कागदावर उतरत नाही. या सगळ्या व्यवस्थेतला हा मला सर्वांत क्रूर भाग वाटतो, आणि तो कोणाच्या दुष्टपणामुळे घडत नाही.

दारापर्यंतची वाटही लांब. कौन्सिलच्या सोशल केअर संचालकांच्या संघटनेने एप्रिल २०२२ मध्ये मोजदाद केली तेव्हा असेसमेंटची, मंजूर झालेली मदत सुरू होण्याची किंवा जुन्या मदतीच्या फेरतपासणीची वाट पाहणारे पाच लाखांहून जास्त लोक निघाले. नव्याने मदत मागणाऱ्यांच्या अर्जांची संख्या वर्षाला वीस लाखांच्या घरात आहे. त्यांतल्या पुष्कळांना शेवटी काहीच मिळत नाही, किंवा ‘अमुक संस्थेला फोन करून बघा’ एवढा सल्ला मिळतो. या माणसांना ती वार्षिक प्रश्नावली जात नाही. कौन्सिलच्या आधाराशिवाय स्वतःच्या पैशांनी केअर होममध्ये राहणाऱ्यांनाही ती जात नाही. म्हणजे ज्यांना नकार मिळाला, ज्यांची वाट अजून संपलेली नाही आणि ज्यांनी सगळा खर्च स्वतः सोसला, ते तिन्ही गट त्या पासष्ट टक्क्यांच्या हिशेबाबाहेर राहतात. नकार मिळालेल्यांची नावे आणि पत्ते कौन्सिलच्या दप्तरी असतातच. त्यांनाही पत्र पाठवून विचारायला काहीच हरकत नसावी.

पैशाची बाजू सांगताना दोन आकडे पुरे आहेत: २३,२५० पौंड आणि १४,२५० पौंड. बचत पहिल्या आकड्याच्या वर असेल तर सगळा खर्च तुमचा. दोन्हींच्या मध्ये असेल तर दुसऱ्या आकड्याच्या वरच्या दर २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न मिळते असे गृहीत धरून ते तुमच्याकडून वसूल करायचे. दुसऱ्या आकड्याच्या खाली असेल तर बचतीला हात लावायचा नाही, पण पेन्शनमधून वाटा द्यायचा. या मर्यादा २०१० पासून जागच्या जागी आहेत. घराची भाडी, पगार, ब्रेडची किंमत सगळे वाढले, हे दोन आकडे वाढले नाहीत. त्यामुळे कायद्यात एक अक्षरही न बदलता दरवर्षी आणखी काही माणसे मदतीच्या रेषेबाहेर ढकलली जातात.

घरीच मदत घेतली तर राहते घर हिशेबात धरत नाहीत. केअर होममध्ये कायमचे जावे लागले तर धरतात, अर्थात त्या घरात जोडीदार किंवा साठीच्या पुढचा नातेवाईक राहत नसेल तर. केअर होमचा खर्च आठवड्याला हजार पौंडांच्या वर सहज जातो. वीट वीट करून फेडलेल्या कर्जाचे घर असे विकले जाते, आणि भावंडांमध्ये वर्षानुवर्षांचे अबोले सुरू होतात. त्यात आणखी एक दुखरी गोष्ट आहे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०१७ मध्ये दाखवून दिले की एकाच केअर होममध्ये स्वतः पैसे भरणारे लोक कौन्सिल देते त्या दरापेक्षा सरासरी ४१ टक्के जास्त भरतात. कौन्सिल दर पाडून घेते आणि केअर होम तो तोटा दुसऱ्या खोलीतल्या आजोबांकडून भरून काढते. कौन्सिलच्या पैशाने राहणाऱ्याचीही चैन नसते. त्याचे जवळजवळ सगळे पेन्शन खर्चात वळते होते आणि साबण, केस कापणे, नातवाचा वाढदिवस यांसाठी आठवड्याला सुमारे तीस पौंड हाती उरतात.

यावर उपाय सुचवला गेला नाही असे नाही. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने जुलै २०११ मध्ये सांगितले की पासष्टी गाठलेल्या दर दहांतल्या एकाला पुढे एक लाख पौंडांहून जास्त खर्च येणार आहे, आणि तो एक कोण हे आधी कोणालाच कळत नाही. म्हणून आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा घालावी, त्यावरचे सरकारने सोसावे. आयोगाने ३५ हजार पौंड सुचवले. कायदा झाला, ७२ हजार ठरले, ते पुढे ढकलले. मग ८६ हजार ठरले, तेही पुढे ढकलले. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती योजनाच रद्द केली. एप्रिल २०२५ पासून लुईझ केसी यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग काम करतो आहे, त्याचा अंतिम भाग २०२८ पर्यंत यायचा आहे. २०११ मध्ये पासष्टीत असलेली माणसे तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होतील.

आता दाराच्या आत जाऊ.

घरी येणाऱ्या मदतीला तिथे ‘कॉल’ म्हणतात. सकाळचा कॉल, दुपारचा, झोपायच्या वेळचा. एकाला उचलायला दोघी लागत असतील तर ‘डबल-हँडेड कॉल’. हे काम कौन्सिलचे स्वतःचे लोक आता क्वचितच करतात. कौन्सिल खासगी एजन्सीला कंत्राट देते, एजन्सी केअरर नेमते. कित्येक वर्षे पंधरा मिनिटांचे कॉल हा या सेवेवरचा सर्वांत मोठा आक्षेप होता. पंधरा मिनिटांत बाईने दार उघडायचे, हातमोजे चढवायचे, पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला अंथरुणातून काढून स्वच्छ करायचे, कपडे घालायचे, गोळ्या द्यायच्या, वहीत नोंद करायची. बोलायला वेळ राहतो कुठे? केअर ॲक्टच्या सरकारी मार्गदर्शिकेने स्पष्ट लिहिले की अंगाची स्वच्छता वगैरे करायची असेल तिथे पंधरा मिनिटांची भेट योग्य नाही. ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये अर्ध्या तासापेक्षा लहान भेटी अपवाद म्हणूनच ठेवा असे सांगितले. तरी तुटपुंज्या दराच्या कंत्राटात मिनिटे कापली जातातच.

केअररच्या बाजूने पाहिले की चित्र आणखी उलगडते. कामाचे तास ठरलेले नसणारी कंत्राटे घरोघर जाणाऱ्यांमध्ये फार. एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात धरला पाहिजे असा नियम असूनही तो बुडवला गेल्याच्या तक्रारी कायम येतात. बस चुकली की पुढचे सगळे कॉल उशिरा होतात, आणि अंथरुणात ओल्या अंगाने वाट पाहणाऱ्याचा राग दारात आलेल्या बाईवर निघतो. बाई कंटाळून सुपरमार्केटमध्ये नोकरी धरते, तिथे पगार तेवढाच आणि कंबर मोडत नाही. मग नवी बाई. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायचे की चहात साखर नको, डावा खांदा ओढू नको, टॉवेल त्या कपाटात आहे. कोणीही परके माणूस येऊन आपले कपडे उतरवते आणि पुढच्या आठवड्यात ते वेगळेच असते, ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांना जेवढी बोचते तेवढी क्वचितच दुसरी कोणती.

माणसे मिळेनात म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने केअररना परदेशातून येण्यासाठी व्हिसा खुला केला. भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे येथून लोक आले. भारतातल्या अनेकांनी एजंटांना लाखो रुपये मोजले, तिथे पोचल्यावर ठरलेले काम मिळाले नाही, आणि शेकडो एजन्सींचे परवाने रद्द झाले तेव्हा साठ दिवसांत नवा मालक शोधा नाहीतर देश सोडा, अशी पाळी आली. मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअररला नवरा, बायको, मुले आणायला बंदी झाली आणि जुलै २०२५ मध्ये या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबवली. दुसऱ्याच्या आईला भरवणाऱ्या बाईला स्वतःचे मूल जवळ ठेवता येत नाही, हे ज्या नियमाने घडवले तो मला कोणत्याच हिशेबाने बरोबर वाटत नाही.

आणि तरीही पासष्ट टक्के! हे समाधान त्या प्रश्नावलीतच थोडे उकलते. तिचा गाभा केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी बेतला आहे. तुमच्या दिवसावर तुमचा ताबा किती, स्वच्छ आणि नीटनेटके वाटते का, हवे ते खायला मिळते का, सुरक्षित वाटते का, माणसांशी हवा तेवढा संबंध राहतो का, वेळ कसा जातो, घर कसे आहे, अशा गोष्टी ती एकेक करून विचारते. नंतरचा प्रश्न असा की तुम्हाला ज्या पद्धतीने मदत केली जाते त्यामुळे तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटते. बरे वाटते, की मन खाली जाते? सरकारी कागदावर इतका नाजूक प्रश्न मी फार कमी वेळा पाहिला आहे. उत्तरांत दरवर्षी एक खोल खड्डा दिसतो तो माणसांच्या सहवासाचा. हवा तेवढा सहवास मिळतो असे सांगणारे निम्म्याहून कमी असतात. म्हणजे केअररवर माणसे समाधानी असतात आणि एकटीही असतात. अनेकांकडे दिवसभरात तीच एक बाई येते. तिला वाईट शेरा द्यायला कोण धजेल?

मदत कशी केली जाते, या प्रश्नाचे मोल समजायचे तर एक खटला नीट पाहावा. एलेन मॅकडॉनल्ड या स्कॉटिश बॅलेच्या अग्रगण्य नर्तिका. १९९९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, हालचाल फार कमी झाली. त्यांचा लघवीवरचा ताबा शाबूत होता, पण मूत्राशय लहान असल्याने रात्रीतून दोन-तीन वेळा उठावे लागे आणि कमोडपर्यंत नेणारे कोणीतरी लागे. लंडनमधल्या केन्सिंग्टन आणि चेल्सी कौन्सिलने ठरवले की रात्रीचा केअरर बंद करायचा आणि त्यांना पॅड द्यायचे. वर्षाला सुमारे २२ हजार पौंड वाचणार होते. ज्या बाईला लघवी कळते, आवरता येते, तिने रात्रभर पॅडमध्ये करत झोपायचे. त्यांनी हे नाकारले आणि त्या न्यायालयात गेल्या.

जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी कौन्सिलच्या बाजूने निकाल दिला. लेडी हेल एकट्या विरोधात राहिल्या. त्यांचे म्हणणे असे की गरज कमोडपर्यंत जाण्याची आहे. तिला पॅडची गरज ठरवले, तर उद्या दिवसाही आणि शौचाच्या बाबतीतही हाच न्याय लावता येईल. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मे २०१४ मध्ये सुमारे वर्षभराच्या काळापुरते ब्रिटनला दोषी धरले, कारण त्या काळात कौन्सिलने स्वतःच्याच केअर प्लॅनची नीट फेरतपासणी केलेली नव्हती. भरपाई मिळाली एक हजार युरो. उरलेल्या काळाबद्दल पैसा कुठे घालायचा हे ठरवायची मुभा सरकारला आहे, असेच न्यायालयाने मानले. कायद्याच्या चौकटीत तो निकाल कदाचित बसतो. पण सेवा ‘पुरेशी’ आहे की नाही हे बिछान्यातून पाहायचे की हिशेबाच्या वहीतून, हा वाद त्यात स्पष्ट दिसतो, आणि माझे मत लेडी हेल यांच्या बाजूने आहे.

पैशाच्या आकारणीबाबतही न्यायालयाने एकदा अशी बिछान्यातली नजर स्वीकारली. डाउन सिंड्रोम असलेल्या एका तरुणीने नॉरफोक कौन्सिलवर खटला भरला होता. कौन्सिलने शुल्काचे नियम असे बदलले होते की नोकरी करू शकणाऱ्या अपंगांचा पगार हिशेबाबाहेर राहत होता, आणि नोकरी करणे शक्यच नसलेल्यांचे सगळे उत्पन्न, म्हणजे सरकारी भत्ते, हिशेबात येत होते. जास्त अपंग, त्याला प्रमाणाने जास्त बिल. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने हा भेदभाव असल्याचे सांगितले.

घरच्या सांभाळणाऱ्यांचे उत्तर वेगळ्या पाहणीत येते, दर दोन वर्षांनी. त्यांतले समाधानी एक तृतीयांशाच्या थोडेसे वर असतात. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये असे विनामोबदला सांभाळणारे सुमारे पन्नास लाख आहेत. आठवड्याला किमान ३५ तास सांभाळ करणाऱ्याला एक छोटा भत्ता मिळतो, पण बाहेरची कमाई ठरावीक मर्यादेच्या एका पौंडानेही वर गेली की त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. हे वेळीच न कळवल्यामुळे हजारो पौंड परत मागितले गेल्याच्या, काहींवर खटले झाल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या आणि देश हादरला. सरकारी यंत्रणेकडे त्यांच्या पगाराची माहिती आधीपासून येत होती.

अनुभव सांगायचा कोठे? आधी कौन्सिलकडे किंवा केअर होमकडे तक्रार, मग लोकपालाकडे. लोकपाल सोशल केअरच्या ज्या तक्रारींची पूर्ण चौकशी करतो त्यांतल्या बहुतांश खऱ्या ठरतात. पण तक्रार करायला माणसे भितात. उद्या तीच बाई दार उघडणार, तीच आईला आंघोळ घालणार. कोविडच्या काळात या भीतीला भिंतीही आल्या. मार्च-एप्रिल २०२० मध्ये सुमारे पंचवीस हजार लोकांना हॉस्पिटलमधून केअर होममध्ये हलवले गेले, त्यांतल्या अनेकांची चाचणीही झाली नव्हती. लक्षणे नसलेल्यांकडून संसर्ग पसरण्याचा धोका विचारात न घेतल्याने ते धोरण बेकायदा होते, असा निकाल उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. भेटायला आलेली मुले काचेबाहेर उभी राहिली, आत स्मृतिभ्रंश झालेल्या आईला ती का आत येत नाहीत हे समजत नव्हते. त्या दुःखातून चाललेल्या मोहिमेमुळे एप्रिल २०२४ पासून केअर होममधल्या माणसाला भेटू देणे नियमाने बंधनकारक झाले.

ऐकण्यासाठी २०१३ पासून ‘हेल्थवॉच’ नावाच्या स्थानिक संस्थाही आहेत. त्यांच्या प्रतिनिधींना केअर होममध्ये शिरून रहिवाशांशी बोलण्याचा अधिकार आहे. जुलै २०२५ मध्ये सरकारने त्या बंद करण्याचे जाहीर केले. सोशल केअरबद्दलचे लोकांचे म्हणणे गोळा करण्याचे काम कौन्सिलकडे जाणार आहे. मला हे चूक वाटते. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच खुर्चीसमोर बसून बोलायला मुळात घाबरलेल्या माणसाला आणखी धैर्य कुठून येईल?

शेवटी आपल्या माणसांबद्दल. श्वेतवर्णीयांच्या मानाने इतर वंशांच्या लोकांचे समाधान या पाहण्यांत कमी दिसत आले आहे. आशियाई कुटुंबे ‘आपली माणसे आपणच सांभाळतात’ हा समज तिथल्या अधिकाऱ्यांत जुना आहे, आणि आपणही तो अभिमानाने खरा करून दाखवतो, अगदी सून-मुलगा दोघे नोकरीवर असताना आजी दिवसभर बंद घरात असली तरी. त्यात स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी मावळते. चाळीस वर्षे इंग्रजीत नोकरी केलेली बाई पुन्हा मराठीच बोलू लागते. केअररला तिचे ‘तहान लागली’ कळत नाही, आणि वहीत नोंद होते की आज अस्वस्थ होत्या.

यावर कायद्यात वाटा आहेत, त्या विचारून घ्याव्या लागतात. असेसमेंटला दुभाषी मागता येतो. ज्याला स्वतःचे म्हणणे मांडणे फार अवघड जाते आणि बरोबर बोलणारे योग्य माणूस नाही, त्याला केअर ॲक्टखाली स्वतंत्र ॲडव्होकेट मिळाला पाहिजे. सांभाळणाऱ्या मुलीचे, सुनेचे स्वतंत्र असेसमेंट करून घेण्याचा हक्क आहे. कौन्सिलचा केअरर नको असेल तर ‘डायरेक्ट पेमेंट’ घेऊन मराठी बोलणारी, वरण-भात करणारी बाई स्वतः नेमता येते. त्याच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला मात्र त्या पैशातून पगार सहसा देता येत नाही, कौन्सिलने तशी गरज मान्य केली तरच. आणि असेसमेंटच्या आधीच्या आठवड्यात वाईट दिवसांची नोंद ठेवावी: कधी पडल्या, किती वेळ लागला, कुठे दुखले, रात्री किती वेळा उठल्या. आई ‘मला सगळे जमते’ म्हणाली तरी तिला दुखावल्याशिवाय ती वही पुढे करता येते.